आधी ट्रम्पेट की आधी टॉम यम?

सुरवंट

आमच्या ब्रास ग्रुपची (ट्रम्पेट, ट्रोम्बोनसारखी पितळी फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांची) तालीम शनिवारी संध्याकाळी असते आणि त्याआधी सगळ्यांनी मिळून थाई जेवायला जायचं असा पायंडा पडला आहे. मला दोन्ही गोष्टी मनापासून प्रिय आहेत. टॉम यम या आंबट-तिखट थाई सूपचा वाडगा समोर आला की लेमनग्रास, गलांगल (आल्यासारखं मूळ) आणि माक्रुत लिंबाच्या पानांचा जो वास येतो, त्याची मी आठवडाभर वाट बघते. ट्रम्पेटवर लांब सूर स्वच्छ लागला की तितकाच आनंद होतो.

अडचण अशी की जेवून वाजवायला बसलं की ओठ माझे राहत नाहीत. मधल्या पट्टीत निभावतं, पण वर चढायला लागलं की सूर फाटतो. हळू आवाजात सुरुवात करायची असेल तर आधी नुसती हवाच जाते, सूर मागून येतो. ग्रुपमधल्या एकाला काहीही होत नाही. एक मैत्रीण मात्र धास्तीने फक्त पांढरा भात खाऊन बसून राहते, ते मला बघवत नाही.

तर अनुभवी मंडळींनो, तिखटाचा ओठांवर खरंच परिणाम होतो की हे मनाचे खेळ? जेवण आणि वाजवणं यांत किती वेळ जाऊ द्यावा? थाई मेन्यूतलं काय खाल्लेलं चालेल? तेवढं थाई जेवण सोडायचा सल्ला देऊ नका.

हॉर्न_ओके

क्रम उलटा करा. आधी तालीम, मग जेवण. विषय संपला.

सुरवंट

@हॉर्न_ओके, हॉल संध्याकाळीच मिळतो आणि आमची तालीम आटपेपर्यंत तिथलं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. नाहीतर धागा काढलाच नसता. :)

तरंगलांबी

मनाचे खेळ अजिबात नाहीत. क्लॅरिनेटला रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, असते, ब्रास वाद्यांना ती नसते. रीडचं काम तुमचे ओठ करतात. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर ज्याला 'हाय सी' म्हणतात तो सूर साधारण ९३२ हर्ट्झचा असतो, म्हणजे ओठांमधली फट सेकंदाला ९३२ वेळा उघडते आणि मिटते. हे सगळं माउथपीसच्या (वाद्याचा ओठांना टेकणारा भाग) कडेच्या आत घडतं आणि ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास जेमतेम १६-१७ मिलिमीटर असतो. एवढ्याशा जागेत ओठ जरा जड झाले, सुजले किंवा कोरडे पडले तरी फरक पडणारच.

तुम्ही म्हणता तसा तो वरच्या सुरांत आणि हळू वाजवताना आधी जाणवतो, कारण तिथे ओठांनी अगदी थोड्या हवेवर लगेच थरथरायला हवं. जोरात वाजवताना हवा रेटली की बराच दोष झाकला जातो. त्यामुळे 'मला काही होत नाही' म्हणणारा तुमचा सहकारी कोणता भाग वाजवतो हे एकदा बघा.

मंद्रसप्तक

@तरंगलांबी, तो ट्युबा वाजवत असणार! आमच्या माउथपीसमध्ये अख्खे ओठ मावतात, मिरचीसकट.

सुरवंट

@मंद्रसप्तक, बास ट्रोम्बोन. फार लांब गेला नाहीत तुम्ही.

श्वासनलिका

पेशाने डॉक्टर आहे, फावल्या वेळात युफोनियम वाजवतो, म्हणून या धाग्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला चिकटतं. हीच ग्राही साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेलाही जागी होते, म्हणून तिखट खाल्ल्यावर प्रत्यक्षात काही भाजलेलं नसताना भाजल्यासारखं वाटतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ही ग्राही १९९७ मध्ये शोधली आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळालं. जळजळ झाली की त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, ओठ लाल आणि किंचित जाड होतात. जळजळ ओसरल्यावर काही काळ त्या जागेची संवेदना बोथट राहते.

वादकाला खरा धोका या दुसऱ्या टप्प्यात आहे असं मला वाटतं. ओठ झोंबत असताना आपण आपोआप जपून वाजवतो. ते बधिर असताना सूर लागेना की माउथपीस नकळत जास्त दाबला जातो आणि दुखत नसल्यामुळे किती दाबतोय ते कळत नाही. त्याचा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो.

शिवाय ओठांच्या लाल भागाची त्वचा फार पातळ असते, तिथे घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे ती लवकर सुकते. थाई स्वयंपाकातला फिश सॉस चांगलाच खारट असतो. एका मोठ्या चमच्यात साधारण १४०० मिलिग्रॅम सोडियम जातं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते. ओठ कोरडे वाटण्याचं खापर एकट्या मिरचीवर फोडू नका.

निशाचर

अनुमोदन. खारट पॉपकॉर्न खाऊन सॅक्सोफोन वाजवून बघा, सगळ्या ब्रास वाद्यांची हीच कथा.

तरंगलांबी

सॅक्सोफोन ब्रास वाद्यांत धरत नाहीत हो. पितळेचा असला तरी त्याला रीड आहे, म्हणून तो क्लॅरिनेटच्या कुळातला.

निशाचर

१८४६ मध्ये अडॉल्फ सॅक्सने त्याचं पेटंट घेतलं तेव्हा तो पितळेचाच होता. पण असो, धाग्याला फाटे नकोत.

मंद्रसप्तक

फाटा फुटलाच आहे तर थायलंडकडेच नेतो. थायलंडचे राजे भूमिबोल अदुल्यदेज हे जॅझचे खरे रसिक आणि वादक होते. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट ही त्यांची मुख्य वाद्यं, पण ते ट्रम्पेटही वाजवत. १९६० च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी न्यूयॉर्कला जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनसोबत वाजवलं होतं. राजवाड्यात त्यांचा स्वतःचा बँड होता आणि तिथूनच रेडिओवर कार्यक्रम होत.

त्याच्याही मागे जायचं तर थायलंडच्या राष्ट्रगीताची धून १९३२ मध्ये फ्रा चेन दुरियांग यांनी बांधली. त्यांचे वडील परदेशातून आले आणि तिथल्या राजदरबारी संगीत शिकवू लागले. आजही तिथल्या गावांत मुलगा भिख्खू व्हायला निघाला की मिरवणुकीपुढे 'त्रे वोंग' म्हणजे ट्रम्पेट-ट्रोम्बोन-ड्रम्सचा ताफा असतो, माणसं नाचत विहारापर्यंत जातात. लूक थुंग या त्यांच्या लोकप्रिय ग्रामीण संगीतातही ब्रासचा मोठा वाटा आहे. म्हणजे एवढं तिखट खाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ट्रम्पेट वाजवत आली आहेत. मला यातच तुमचं अर्धं उत्तर दिसतं: सवय.

सुरवंट

@मंद्रसप्तक, हे माहीत नव्हतं. ग्रुपमध्ये वाचून दाखवते. पांढरा भात खाणाऱ्या मैत्रिणीला तर आधी.

गवतीचहा

माझी एंट्री खाण्यापुरती. वाद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण थाई स्वयंपाक बरीच वर्षं मन लावून शिकते आहे. तर सुरवंट, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

थाई जेवणाचा तिखटपणा सरसकट धरू नकोस. काही पदार्थांत मिरची शेवटी पडते, काहींत ती पायातच असते. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, मागणीनुसार समोर खलबत्त्यात कुटतात. तिकडे गिऱ्हाईक किती मिरच्या घालायच्या तेही सांगतं. तिथे तू 'कमी तिखट' म्हटलंस तर ते खरंच कमी तिखट होतं. तव्यावर परतलेल्या पदार्थांचंही तसंच. पण ग्रीन करीची पेस्टच हिरव्या मिरच्यांची, ती आधी वाटून ठेवलेली. वेटरने मान डोलावली तरी आत शिजलेली मिरची बाहेर कशी काढणार? फार तर नारळाचं दूध वाढवतील.

टॉम यममध्ये बहुधा ठेचलेल्या मिरच्या तरंगत असतात. त्या चमच्याने बाजूला सार, चावू नकोस. लेमनग्रासचे तुकडे, गलांगलच्या चकत्या आणि ती पानंही खायची नसतात, सुगंध देऊन त्यांचं काम झालेलं असतं. अनेक जण ती चावत बसतात आणि मग थाई जेवण चोथट लागतं म्हणतात, तेव्हा मला कळवळून येतं. या सूपला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली आहे, त्याचा मान राखून प्यावं.

वाजवायच्या दिवशी मी काय मागवेन? टॉम खा हे सूप, कारण त्यात नारळाचं दूध भरपूर. मसामन करी, कारण तिच्यात दालचिनी-वेलचीसारखे गरम मसाले, बटाटा आणि शेंगदाणे असतात आणि मिरचीचा भर कमी असतो. ती व्यापाऱ्यांसोबत आलेल्या मुस्लिम स्वयंपाकातून घडली. खाव मन गाय, म्हणजे चिकनच्या रश्श्यात शिजवलेला भात, त्याचा झणझणीत सॉस वाटीत वेगळा येतो, नको तर लावू नये. आणि गेंग ज्युएत नावाचं एक निवळ सूप असतं, त्यात टोफू आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया असतात. ते कुणी मागवत नाही, पण फार सात्त्विक आणि चवदार असतं. पांढऱ्या भातावर दिवस काढणाऱ्या मैत्रिणीला हे खाऊ घाल, माझी शपथ आहे तुला.

जेवणाची पद्धतही महत्त्वाची. थाई माणसं भाताला सहसा चॉपस्टिक्स लावत नाहीत. काटा डाव्या हातात, चमचा उजव्या हातात, काट्याने घास चमच्यावर ढकलायचा आणि चमचा तोंडात. चमच्याने नेलेला घास ओठांच्या कडांना कमी लागतो. नूडल्स सुर्र करून ओढल्यास तर सगळा तिखट रस्सा ओठांवरून घसरत जातो! वादकांनी नूडल्स सोडून भाताकडे वळावं असा माझा आग्रह राहील.

फक्तवाचक

धागा वाचून भूक लागली. घरात वाजवण्यासारखं एकही वाद्य नसल्याने मी निर्धास्तपणे ग्रीन करी मागवली आहे.

श्वासनलिका

@गवतीचहा, प्रतिसाद सुरेख. एका मुद्द्यावर मात्र मतभेद नोंदवतो.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे नारळाचं दूध ओठांना आणि जिभेला निश्चित मदत करतं. गाईम्हशीचं दूध आणखी उपयोगी, त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. गार पाणी पिऊन तेवढ्यापुरतंच बरं वाटतं. इथवर एकमत.

पण स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात. ब्रास वाजवताना आपण खोल श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकतं आणि त्याला जागा लागते. वर पोटाच्या स्नायूंनी हवा रेटली की पोटातला दाब वाढतो. भरल्या पोटावर हे केलं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं. वरच्या पट्टीत लांब वाक्यं वाजवणाऱ्यांना छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशात खवखव होते ती अशी. म्हणजे ओठांना टॉम खा मानवतं आणि पोटाला टॉम यम. वाडगाभर टॉम खा आणि वर मसामन असा बेत असेल तर तीन तास तरी जाऊ द्या. हलकं जेवण असेल तर दीड-दोन तास. ज्यांना मुळात आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

गवतीचहा

@श्वासनलिका, हे पटलं. मग अर्धा वाडगा टॉम खा, भात आणि सोबत कच्च्या भाज्या. सोम तमबरोबर कोबी, काकडी, चवळीच्या लांब शेंगा येतात, लोक त्या शोभेच्या समजून ठेवून देतात. तोंडाची आग त्यांनी चांगली आवरते.

हॉर्न_ओके

मी पुन्हा बोलतो आणि या वेळी सविस्तर, कारण सगळे एकाच बाजूला झुकत आहेत.

मी फ्रेंच हॉर्न वाजवतो. त्याचा माउथपीस निमुळता, कडा बारीक, जरा चुकलं की शेजारचा सूर लागतो, कारण वरच्या भागात हॉर्नचे नैसर्गिक सूर एकमेकांना चिकटून असतात. म्हणजे नाजूकपणाबद्दल मला कुणी सांगू नये. तरीही मी तालमीआधी मनसोक्त थाई खातो आणि वाजवतो. सुरुवातीला जड जातं, मग ओठ रुळतात. कार्यक्रम काही आपल्या पोटाचं वेळापत्रक बघून ठरत नाहीत. प्रवास, उशिरा मिळालेलं जेवण, गार हवा, कोरडं सभागृह हे सगळं असताना वाजवायचं असतं. दर वेळी आदर्श ओठ मिळतील या अपेक्षेने रियाज केला तर प्रत्यक्ष वेळी माणूस घाबरतो.

लांबश्वास

ब्रास शिकवते, म्हणून @हॉर्न_ओके यांच्या मुद्द्याला उत्तर द्यावंसं वाटतं.

वाईट ओठांनी वाजवता यायला हवं हे शंभर टक्के खरं. पण वाईट ओठांनी काय वाजवायचं हे निवडावं लागतं. जड ओठांवर वरच्या पट्टीचा, जोराचा सराव केला की शरीर दाबून वाजवायला शिकतं आणि ती सवय चांगल्या ओठांच्या दिवशीही सोबत येते. नवशिक्या मुलांत मी हे फार बघते. वरच्या ओठावर माउथपीसचा गोल वळ उठतो, खालचा जबडा आवळलेला असतो, आणि 'आज सूर लागत नाही' म्हणून ती आणखी दाबतात.

ओठ गमावणं म्हणजे काय ते जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या आयुष्यात दिसतं. त्याच्या ओठांवर व्रण होते आणि १९३५ च्या सुमारास ओठांना विश्रांती म्हणून त्याला बराच काळ ट्रम्पेट खाली ठेवावा लागला. जर्मनीत बनणारं एक ओठांचं मलम तो इतकं वापरायचा की पुढे ते त्याच्याच नावाने विकलं जाऊ लागलं. आणि खाण्याचंही त्याला केवढं प्रेम! राजमा-भात त्याचा इतका लाडका की पत्राखाली सही करताना तो त्याचं नाव गुंफायचा. खाणं आणि वाजवणं यांत भांडण लावायची गरज नाही हे त्याच्याकडे बघून पटतं.

तर जेवणानंतर लगेच वाद्य हातात घ्यायचंच असेल तर हे करा. पहिला वेळ वाद्याविना: ओळी वाचणं, बोटांनी व्हॉल्व्ह (वाद्यावरच्या कळा) दाबत मनात गाणं, तालाचे अवघड भाग टाळ्यांवर बसवणं. नंतर खालच्या आणि मधल्या पट्टीत हळुवार लांब सूर. प्रत्येक सुराआधी शांत श्वास, माउथपीस ओठांवर नुसता टेकलेला. जितका वेळ वाजवलं तितका वेळ थांबायचं. वरच्या सुरांना हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, आणि मधले सूर स्वच्छ लागत असतील तरच.

आणखी एक. संध्याकाळी तालीम असेल त्या दिवशी सकाळी थोडा वेळ ओठ गरम करून ठेवा. मग जेवणानंतर शून्यापासून सुरुवात होत नाही. सुरवंट, तुझ्या बाबतीत मला हेच सगळ्यात उपयोगी वाटतं.

हॉर्न_ओके

@लांबश्वास, काय वाजवायचं ते निवडावं, हे मान्य. फक्त भात खाऊन बसणं मान्य नाही.

लांबश्वास

ते मलाही मान्य नाही.

डागडुजी

इतके प्रतिसाद आले आणि वाद्याची कुणाला पडली नाही! मी वाद्यं दुरुस्त करतो. ओठ दोन दिवसांत बरे होतात, लीडपाइप होत नाही.

माउथपीसच्या पुढची पहिली नळी म्हणजे लीडपाइप. तुम्ही जेवून जे काही फुंकता ते आधी तिथे साठतं. पॅड थाई नूडल्सवरचा शेंगदाण्याचा कूट, चिकट भाताचे कण, पाम शुगर, चिंचेचा कोळ, थाई आइस टीतलं गोड दूध, सगळं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त; नेहमीच्या पिवळ्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आतला ओला, आंबूस थर तसाच राहिला की जस्त झिजून निघून जातं आणि गुलाबी तांबूस ठिपके उरतात. याला आम्ही रेड रॉट म्हणतो. बाहेरून ठिपका दिसला की समजायचं, धातू आतून पोखरला आहे. पॉलिश करून तो जात नाही, नळीच बदलावी लागते.

व्हॉल्व्ह अडकतात तेही अनेकदा याच गोडाने. वॉटर कीतून (पाणी काढायची झडप) जे पाणी काढता ते बहुतांशी श्वासातली वाफ थंड होऊन झालेलं असतं, त्याने फार बिघडत नाही. त्यात साखर मिसळली की त्याचा पाक होतो.

म्हणून वाजवण्याआधी तोंड स्वच्छ. गोड चहा पिऊन थेट ट्रम्पेट उचलणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

श्वासनलिका

@डागडुजी यांच्या बोलण्याला वैद्यकीय पुस्ती जोडतो. 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये एका ट्रोम्बोनवादकाची नोंद आली होती. त्याला अनेक वर्षं खोकला होता. त्याच्या ट्रोम्बोनच्या आत बुरशी आणि मायकोबॅक्टेरिया सापडले आणि वाद्य नियमित निर्जंतुक करायला लागल्यावर खोकला गेला. हे क्वचितच घडतं, घाबरून जाऊ नका. पण श्वास आत घेताना आपण अनेकदा माउथपीस ओठांवरून पूर्ण काढत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि दातांविषयी. लिंबू, चिंच असं आंबट जेवण झाल्यावर लगेच ब्रश घासू नका. आम्लाने दातांचं वरचं आवरण तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं. आधी साध्या पाण्याने खळखळून चुळा भरा, अर्धा-एक तास जाऊ द्या, मग ब्रश करा. माउथपीसचा दाब पुढच्या दातांवरच येतो, त्यांना जपायलाच हवं.

अबोली

आमच्याकडे बारा वर्षांचा कॉर्नेटवादक आहे आणि त्याला थाई जेवणातला मँगो स्टिकी राइस प्रचंड आवडतो. वरच्या प्रतिसादांनी पोटात गोळा आला. त्याचं वाद्य आजवर फक्त बाहेरून पुसलं आहे. घरी आतून धुता येतं का? आणि जाता जाता, फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास न देता रियाज कसा करता तुम्ही सगळे?

मंद्रसप्तक

@अबोलीताई, प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे वाद्याच्या तोंडात बसवायचं बूच, घ्या, आवाज खूपच कमी होतो. पण रोज तोच लावून वाजवू देऊ नका. त्यात हवेला जास्त अडथळा असतो, सूर थोडा वर चढतो आणि मुलाच्या कानाला खऱ्या आवाजाची ओळख राहत नाही. आम्ही शेजाऱ्यांशी बोलून रोजची एक ठरावीक वेळ पक्की केली आणि त्या वेळेबाहेर म्यूट. आता एखाद्या दिवशी वाजवलं नाही तर बरं आहे ना म्हणून विचारतात.

सुरवंट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवार होता, प्रयोग केला. सकाळी हलका सराव, मग जेवायला जरा लवकर गेलो. मी टॉम यम घेतलंच, मिरच्या बाजूला काढून. भात, कच्च्या भाज्या, सोम तम अगदी कमी तिखट. मैत्रिणीसाठी @गवतीचहा यांचं गेंग ज्युएत मागवलं. तिने दुसरा वाडगा मागितला! नूडल्सना कुणी हात लावला नाही, बास ट्रोम्बोन सोडून.

मग चुळा, पाणी, थांबून ब्रश. तालमीत पहिला वेळ आम्ही नुसत्या ओळी म्हणून बसवल्या आणि गंमत म्हणजे ज्या जागी आम्ही नेहमी एकमेकांना चुकत होतो ती जागा तिथेच सुटली. ओठ पूर्ण हलके होते असं म्हणणार नाही, पण हळू सुरुवात लागली. वरच्या सुरांत मी शेवटपर्यंत गेले नाही.

एक शंका उरली. पुढे कार्यक्रम आहे. त्या दिवशीही हाच क्रम ठेवू का?

गवतीचहा

दुसरा वाडगा!! दिवस सार्थकी लागला.

श्वासनलिका

@सुरवंट, मेंथॉलवालं लिप बाम लावत असाल तर वाजवण्याआधी टाळा. गार वाटतं, पण तेही मज्जातंतूंचीच फसवणूक आहे आणि वर माउथपीस घसरतो.

लांबश्वास

कार्यक्रमाच्या दिवशी टॉम यम नको. त्या दिवशी ओठांना ओळखीचं, साधं, पोटभर नाही असं जेवण, आणि तेही वाजवण्याच्या बऱ्याच आधी. थाई जेवण कार्यक्रम संपल्यावर, स्वयंपाकघर उघडं असलेलं ठिकाण आधी शोधून ठेवा. तालमीच्या दिवसांचा क्रम उत्तम आहे, तो चालू ठेव.

हॉर्न_ओके

@लांबश्वास, म्हणजे आधी वादन, मग जेवण. मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं. :)

डागडुजी

@अबोली, उत्तर द्यायचं राहिलं. धुता येतं. टबमध्ये कोमट पाणी घ्या, गरम नको, लॅकर खराब होतं. भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका. व्हॉल्व्ह आणि स्लाइड (सरकणाऱ्या नळ्या) काढून क्रमाने मांडून ठेवा. व्हॉल्व्हवर क्रमांक असतात, अदलाबदल झाली तर हवा पुढे जात नाही. व्हॉल्व्हच्या नमद्याला पाणी लागू देऊ नका. नळ्यांतून लवचिक ब्रश फिरवा, लीडपाइपमधून दोनदा. स्वच्छ पाण्याने धुवा, मऊ कापडाने पुसा, सुकू द्या. मग स्लाइडना ग्रीस आणि व्हॉल्व्हना तेल. अख्खं वाद्य महिन्यातून एकदा, माउथपीस मात्र दर आठवड्याला त्याच्या छोट्या ब्रशने. एखादी स्लाइड निघत नसेल तर ओढाताण करू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. ओढून वाकलेल्या स्लाइड सरळ करणं हे आमचं सगळ्यात नावडतं काम आहे.

आणि मँगो स्टिकी राइस त्याला खाऊ द्या. वाजवून झाल्यावर.